शर्यतीनंतरचा घोडा

शर्यतीच्या मैदानावर धावणारा घोडा प्रेक्षकांना दिसतो, तो त्याच्या आयुष्याचा अत्यंत अल्प भाग होय. थरोब्रेड जातीचा घोडा साधारणतः वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शर्यतीत उतरतो आणि बहुतेकांची कारकीर्द काही थोड्या हंगामांतच संपुष्टात येते. घोड्याचे आयुष्य मात्र २५ वर्षांच्या आसपास असते. उत्तम वंशाच्या घोड्या आणि मोजके नर पैदाशीसाठी ठेवले जातात. खच्ची केलेल्या घोड्यांना तोही मार्ग खुला नसतो. अशा प्राण्याची उरलेली १५-२० वर्षे कशी जावयाची, हा प्रश्न उरतोच.

नामांकित घोडाही या प्रश्नातून सुटत नाही. ‘फर्डिनंड’ या घोड्याने १९८६ साली अमेरिकेतील प्रसिद्ध केंटकी डर्बी जिंकली. पुढे पैदाशीसाठी त्याला जपानमध्ये विकण्यात आले. तेथे त्याला मागणी राहिली नाही आणि २००२ साली त्याचा शेवट बहुधा कत्तलखान्यात झाला. ही वार्ता पुढील वर्षी प्रसिद्ध होताच अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. ब्रिटनमध्ये निवृत्त घोड्यांच्या पुनर्शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था २०००मध्येच स्थापन झाली होती. अमेरिकेतही पुढील काळात अशा कार्याला संघटित रूप आले. भारतात शर्यतींची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानाच्या आवारातच हौशी घोडेस्वारांचा क्लबही नांदत आला आहे. शर्यत आणि स्वारी ही दोन जगे एकमेकांच्या इतकी निकट असली, तरी घोड्याच्या दृष्टीने त्यांतील अंतर फार मोठे असते.

हे अंतर समजून घेतल्याखेरीज पुनर्शिक्षण म्हणजे काय, हे ध्यानात येणार नाही. शर्यतीचा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यात बंदिस्त असतो व व्यायामापुरताच बाहेर निघतो. त्याला ओट व इतर धान्याची भरपूर चंदी मिळते. जॉकी रिकिबी आखूड करून, पाठीवरून उचललेल्या अवस्थेत स्वार होतो; त्यामुळे स्वाराच्या पायांचा दाब आणि खोगिरावर पूर्ण टेकलेले वजन यांचा घोड्याला फारसा परिचय नसतो. लगाम ताणला की त्याच्या आधाराने अधिक जोराने धावावयाचे, असेच तो शिकलेला असतो. सामान्य स्वार मात्र घोडा थांबावा म्हणून लगाम ताणतो. हेतू विरुद्ध आणि खूण एकच, यातून अपघात उद्भवतात. अशा वेळी घोडा खट्याळ नसतो. त्याला शिकविलेलेच तो निष्ठेने करीत असतो.

पुनर्शिक्षणाचा आरंभ म्हणूनच विश्रांतीने होतो. काही आठवडे, प्रसंगी काही महिने, घोड्याला मोकळ्या कुरणात एखाद्या शांत सोबत्यासह ठेवतात. चंदी क्रमाक्रमाने कमी करून गवत वाढवितात. कारण व्यायाम थांबूनही धान्य चालू राहिले, तर घोडा अनावर होतो. शर्यतीच्या घोड्यांत जठरव्रणही पुष्कळदा आढळतो आणि सतत गवत चघळल्याने त्याला उतार पडण्यास मदत होते. याच काळात पशुवैद्याकडून दात, सांधे व पाठ यांची तपासणी करून घ्यावी लागते. पुढच्या पायांच्या मागील बाजूस असलेल्या स्नायुबंधाला झालेली इजा विशेष पाहावी लागते. ती भरून येण्यास कित्येक महिने लागतात आणि तेथे पुन्हा इजा होण्याचा धोका राहतो. शर्यतीचे हलके ॲल्युमिनियमचे नाल काढून नालबंदाकडून खुरांची नव्याने निगा राखली जाते.

त्यानंतरचे शिक्षण जमिनीवरूनच सुरू होते. माणसाच्या बरोबरीने चालणे, सांगताच थांबणे, लांब दोरीवर दोन्ही दिशांनी गोल फिरणे हे त्याचे पाठ होत. चालत्या घोड्यावर जॉकीला बसविण्याची पद्धत असल्याने, स्वार बसेपर्यंत स्तब्ध उभे राहणे हाही नवाच धडा ठरतो. मग सैल लगामावर चालणे आणि पायाच्या हलक्या दाबाला प्रतिसाद देणे शिकवितात. दुडकी चाल दोन्ही दिशांना सारखी व संथ झाल्याशिवाय वेग वाढवीत नाहीत. मागून दुसरा घोडा दौडत आला की जुनी सवय जागी होते; म्हणून मोकळ्या मैदानावरील पहिल्या फेऱ्या जुन्या, स्थिर घोड्याच्या सोबतीने करावयाच्या असतात.

या घोड्यांजवळ काही गुणही तयार असतात. प्रवास, गर्दी, खरारा, नालबंदाचे काम या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. शर्यतीतील अपयश म्हणजे अंगी गुण नसणे नव्हे. ‘टच ऑफ क्लास’ ही लहानखुरी घोडी शर्यतीत एकदाही जिंकली नाही. तीच १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अडथळे उडी मारून पार करण्याच्या स्पर्धेत वैयक्तिक व सांघिक अशा दोन सुवर्णपदकांची मानकरी ठरली.

अर्थात प्रत्येक घोडा ऑलिंपिकला जात नाही, आणि प्रत्येक स्वाराने असा घोडा घ्यावा असेही नाही. निवृत्त घोडा पुष्कळदा अल्प किमतीत मिळतो. परंतु चारा, तबेला, मोतद्दार, नालबंद आणि पशुवैद्य यांचा खर्च घोड्याच्या किमतीवर अवलंबून नसतो. ज्याची मांड अद्याप पक्की झालेली नाही, अशा नवशिक्याने एकट्याने हे काम अंगावर घेणे दोघांनाही धोक्याचे आहे. अनुभवी शिक्षकाची देखरेख, नियमितपणा आणि धीर या तिन्ही गोष्टी असतील, तरच ते साधते. पाच वर्षांचा घोडा पत्करणारा माणूस त्याच्या पुढील वीस वर्षांची जबाबदारी पत्करीत असतो. घोडा घेण्यापूर्वी त्याने तिचा हिशेब मांडलेला बरा. कारण ती मध्येच टाकून दिली, तर त्या मुक्या प्राण्यापुढे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो.