अमेरिकेच्या रोड ट्रिपमध्ये नकाशावरचा पिवळा रंग का शोधायचा?

अमेरिकेच्या पश्चिम भागात गाडीने फिरणारे बहुतेक जण एका नॅशनल पार्कमधून दुसऱ्याकडे धावतात. मधले डोंगर, दऱ्या, वाळवंट काचेतूनच पाहतात. खरं तर त्यातली बरीचशी जमीन सरकारी आहे. नेवाडा राज्यात तर सुमारे ८० टक्के! एकट्या 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट'कडे देशभरात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. इथे बऱ्याच ठिकाणी फुकट तंबू ठोकता येतो. साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस. पाणी आणि शौचालय मात्र नसतं.

पंचाईत अशी, की हद्द डोळ्यांना दिसत नाही. १८६२च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रुळांलगतचे एकाआड एक चौकोनी तुकडे दिले गेले. त्यामुळे काही भागांत सरकारी आणि खासगी जमीन आजही बुद्धिबळाच्या पटासारखी पसरली आहे. चुकीच्या चौकोनात तंबू ठोकला तर ती घुसखोरी ठरते. ब्युरोच्या नकाशात त्यांची जमीन पिवळी, राष्ट्रीय वनं हिरवी आणि खासगी जमीन पांढरी असते. सरकारी म्हणजे खुलीच असंही नाही. लष्करी हद्दीत शिरता येत नाही.

नकाशा शहर सोडण्याआधीच डाउनलोड करा, पुढे रेंज मिळेलच असं नाही. शेकोटीवर बंदी आहे का, तेही स्थानिक कार्यालयात विचारून घ्या.