केडल्स्टन हॉल : चार पंखांचा बेत, दोन पंखांचा वाडा

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, डर्बी शहरापासून सात-आठ किलोमीटरवर केडल्स्टन हॉल उभा आहे. 1714 ते 1830 या काळात जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ इंग्लंडच्या गादीवर आले. त्यांच्यावरून त्या काळच्या बांधणीला जॉर्जियन म्हणतात. केडल्स्टन हा तिचा फार देखणा नमुना. जागा कर्झन घराण्याची, सातशेहून अधिक वर्षांची. सर नॅथॅनिएल कर्झन यांनी 1759 मध्ये जुने घर पाडून नवे बांधायला घेतले. समोरचा देखावा मोकळा राहावा म्हणून जवळचे गावही उठवून दुसरीकडे वसवले. जुन्या गावाची खूण म्हणून वाड्याला खेटून मध्ययुगीन चर्च तेवढे उरले आहे.

आराखडा इटालियन वास्तुकार पलाडिओच्या एका नकाशावर बेतलेला होता: मधे मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना पंखांसारख्या चार उपइमारती, त्यांना जोडणाऱ्या कमानदार वळणाच्या ओवऱ्या. मॅथ्यू ब्रेटिंगहॅमने आरंभ केला, जेम्स पेनने काम पुढे नेले. इटलीहून नुकताच परतलेला रॉबर्ट अ‍ॅडम आधी बागेतल्या बांधकामांपुरता नेमला गेला आणि थोड्याच काळात त्याच्याकडे सगळा वाडा आला. चारांपैकी उत्तरेच्या दोनच उपइमारती झाल्या. एकीत कुटुंब राहायचे, दुसरीत मुदपाकखाना होता. दक्षिणेच्या दोन कागदावरच राहिल्या.

वास्तुकार असे बदलत गेले, म्हणूनच या वाड्याला दोन निराळे चेहरे आहेत. उत्तरेचा चेहरा पेनचा, सहा उंच खांबांच्या भारदस्त द्वारमंडपाचा. दक्षिणेला अ‍ॅडमने रोममधली कॉन्स्टंटाइनची विजयकमान भिंतीवर आणली, वर घुमट ठेवला आणि खाली बागेत उतरणारा दुहेरी वळणाचा जिना दिला. इथे भिंत स्थिर वाटत नाही. पुढे येते, मागे सरते. अ‍ॅडमला इमारतीत हीच हालचाल हवी होती.

आत शिरताच संगमरवरी दालन लागते. याच्या भिंतींना खिडक्या नाहीत. उजेड छतातून पाझरतो. वीस खांब, प्रत्येक सुमारे पंचवीस फूट उंच, नॉटिंगहॅमशरच्या अलाबास्टर दगडाचे. हा दगड मऊ, त्यात तांबूस-तपकिरी शिरा. खांब आधी गुळगुळीतच उभे केले होते. त्यांवरच्या उभ्या पन्हळी 1770च्या दशकात, खांब जागेवर असतानाच कोरल्या. मऊ दगड, डोक्यावर छताचा भार, आणि छिन्नीचा एक घाव जरी चुकला तरी खांब बदलायची सोय नाही. त्या पाथरवटांच्या हाताला दाद द्यावी तितकी थोडी. पलीकडे रोमच्या पँथिऑनची आठवण देणारे गोल दालन आहे, 62 फूट उंच. 1777 मध्ये वाडा पाहून गेलेल्या इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनला मात्र तो नगरभवन म्हणून अधिक शोभेल असे वाटले. त्या काळी पाहुण्यांना वाडा दाखवण्याचे काम कारभारीण मिसेस गार्नेट करत. हातात वाड्याची वस्तुसूची घेतलेले त्यांचे चित्र आजही तिथे आहे. नोकरवर्गातल्या बाईला असा मान क्वचितच मिळाला.

केडल्स्टनचे भारताशी नाते दगडाविटांचे आहे. या वाड्याच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या सॅम्युअल वायटचा पुतण्या चार्ल्स वायट याने 1799 ते 1803 मध्ये कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाउस याच धर्तीवर उभारले. तेच पुढे राजभवन झाले. दगडाऐवजी वीट आणि गिलावा आला, पण चारही पंख तिथे पुरे झाले. वंगभंगामुळे मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे झालेले लॉर्ड कर्झन 1859 मध्ये केडल्स्टनमध्ये जन्मले, आणि व्हाइसरॉय म्हणून 1899 मध्ये त्याच वाड्याच्या भारतीय प्रतिरूपात राहायला आले.

त्यांनी आशियातून नेलेल्या वस्तूंचे संग्रहालय वाड्यात आहे. 1903च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा गाऊनही इथेच ठेवला आहे. भारतीय कारागिरांनी जरदोजीने मोरपिसे भरली, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या हिरव्या पंखाचा तुकडा बसवला. मग ते कापड पॅरिसला जाऊन वर्थ या नामांकित शिवणघरात शिवले गेले. पुष्कळांना ते पंख पाचूच वाटले. गाऊनबरोबर वर्थचे नाव हटकून घेतले जाते, जरदोजांचे तितके नाही. ही उणीव भरून निघायला हवी.

1987 पासून वाडा ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात असून लोकांसाठी खुला आहे. उत्तरेला अ‍ॅडमनेच आखलेला तीन कमानींचा पूल ओलांडला, की वाडा पहिल्यांदा पूर्ण नजरेत येतो.