शेळीचे तोंड आणि कर्बाचे दाम

रविवारी सकाळी वसईहून पूर्वेला, तुंगारच्या डोंगराकडे पायी जायची माझी जुनी खोड आहे. गेल्या उन्हाळ्यात पायथ्याच्या बोडक्या माळावर सात-आठ शेळ्या राखणारी एक म्हातारी भेटली. मास्तरकीची सवय! मी तिथेच व्याख्यान दिले. ‘‘आजी, हा माळ काही वर्षे मोकळा सोडला ना, तर इथे रान उभे राहील, आणि त्या रानाचे पैसेसुद्धा मिळतील.’’

वाचकांनाही हे नवल वाटेल. पण उजाड दिसणाऱ्या माळाच्या पोटात जुन्या झाडांची मुळे पुष्कळदा जिवंत असतात. पावसाळ्यात त्यांना धुमारे फुटतात आणि पुढे शेळ्या ते खुडतात. शेळीचे तोंड आवरले, की इथलेच मूळचे रान आपले आपण वर येते. वाढते झाड हवेतला कर्ब लाकडात नि मुळांत साठवते. एक टन कर्बवायू असा कमी झाला, की एक ‘कार्बन क्रेडिट’. धूर सोडणाऱ्या कंपन्या ते विकत घेतात आणि आपल्या धुरातून तेवढे वजा दाखवतात.

गुरे आवरली की डोंगर हिरवा होतो, याचा दाखला नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने कधीच दिला आहे. तिथे वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या वसईत एकट्या जुलैत त्याहून अधिक कोसळतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पत्करली, श्रमदानाने उतारांवर समतल चर खणले, झाडे लावली. गुरांना डोंगरावर मज्जाव. गवत मात्र विळ्याने कापून न्यायची मुभा. मला तर ही विळ्याची युक्तीच सर्वांत शहाणपणाची वाटते.

कर्बाच्या बाजाराचा नियम मात्र चमत्कारिक. या पैशावाचून जे झालेच नसते, तेवढेच तो मोजतो. आपल्या घामाने आधीच रान राखले, त्याचे मोल शून्य! ऑस्ट्रेलियात कोरड्या कुरणांवर असे रान राखून क्रेडिटे मिळवण्याचा मोठा व्यवहार आहे. हे रान जनावरे आवरल्यामुळे नव्हे, बरेचसे चांगल्या पावसामुळे वाढले, असा आक्षेप प्राध्यापक अँड्र्यू मॅकिन्टॉश यांनी २०२२ मध्ये घेतला. सरकारने नेमलेल्या चब समितीने जानेवारी २०२३ मध्ये पद्धत मुळात ठीक ठरवली.

म्हातारीला या वादाशी काय कर्तव्य? तिने विचारले, ‘‘पैसे कधी?’’

‘‘झाडे वाढली, मोजणी झाली, की.’’

‘‘तोवर ह्यांना घालू काय?’’

मी हिवरे बाजारचा विळा पुढे केला. ‘‘गवत कापून आणायचे.’’

‘‘पोरगा नि सून वीटभट्टीवर. कापणार कोण, मास्तर?’’ एवढे बोलून ती शेळ्यांमागे चढणीला लागली.