१७ सप्टेंबर: मराठवाड्याचा कृतज्ञता दिन
राष्ट्राच्या वतीने आभार मानण्याचा दिवस राष्ट्राध्यक्षांनी जाहीर करण्याची परंपरा अमेरिकेत १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुरू केली आणि १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, अब्राहम लिंकन यांनी त्यासाठी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार मुक्रर केला. परभणी जिल्ह्यात अशा कृतज्ञता दिनाशी मिळताजुळता दिवस म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होय. १७ सप्टेंबर १९४८ रोजी, ‘ऑपरेशन पोलो’ या भारतीय सैन्याच्या कारवाईपुढे, मराठवाड्यावर सत्ता असलेल्या हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात हुतात्मा स्मारकास पुष्पचक्र वाहून शासकीय ध्वजारोहण होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या सत्याग्रहींचे ऋण त्यातून शासन जाहीरपणे मान्य करते, आणि ते ऋण नव्या पिढीला समजावून देणे हे प्रत्येक शाळेचे कर्तव्य ठरते.