काझाभोवतीचे गोम्पा : आधी खालचे, मग वरचे

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'काझा आणि परिसर' असा छापलाय. पण मला खरं तर एकाच प्रश्नावर बोलायचंय. काझाला मुक्काम टाकल्यावर आधी कुठे जायचं आणि नंतर कुठे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण स्पितीत क्रम चुकवलेला माणूस दुसऱ्या दिवशी गोम्पा बघत नसतो, तो दवाखान्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडलेला असतो.

आधी जागा समजून घेऊ. हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, स्पिती नदीच्या काठी काझा हे गाव आहे. उंची साधारण ३,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवलं, तरी काझाचा बाजार त्याच्या वरच राहतो! तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच ऑक्सिजन आत जातो. कॉमिक गावाला, म्हणजे ४,५८० मीटरच्या आसपास गेलात, की निम्म्याहून थोडाच जास्त.

काझाला जायचे रस्ते दोन. एक शिमल्याहून किन्नौरमार्गे, सतलजच्या काठाने, हळूहळू चढत जाणारा. दुसरा मनालीहून, साधारण ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून. २०२० साली अटल बोगदा सुरू झाला, रोहतांगचा घाट टळला आणि हा दुसरा रस्ता आणखी लवकर संपायला लागला. आपल्याकडच्या लोकांना सुट्टी असते मोजून आठवडाभर. मग पुण्याहून विमानाने चंदीगड, रात्रीच्या बसने मनाली, दुसऱ्या दिवशी गाडीने थेट काझा. दोन दिवसांत माणूस ३,६५० मीटरवर झोपायला आला. शरीराला कोणी विचारलंच नाही! आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीवाला विचारतो, साहेब, कॉमिक चलें? फोटोत सगळ्यात उंच तेच असतं, त्यामुळे सगळे हो म्हणतात.

डॉक्टर मंडळींचा नियम असा आहे, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये. मनालीच्या रस्त्याने आलात तर हा नियम मोडूनच तुम्ही काझाला पोचलेले असता. म्हणून पहिला दिवस काही करायचं नाही. पाणी प्यायचं, बाजारात सावकाश चकरा मारायच्या, गरम थुकपा खायचा, दारूचं नाव काढायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी वर नाही, खाली जायचं. ताबोला.

माझा आजचा मुद्दा हाच आहे. शरीराला जो क्रम मानवतो, साधारण त्याच क्रमाने स्पितीचा इतिहासही उलगडतो. सगळ्यात जुनं ते सगळ्यात खाली आहे.

ताबो काझापासून सत्तेचाळीस किलोमीटर, उंची ३,२८० मीटर. तिथला विहार इसवी सन ९९६ मधला. पश्चिम तिबेटात गुगेचं राज्य होतं. तिथला राजा येशे-ओ भिक्षू झाला आणि त्याने बौद्ध धर्माच्या पुनरुज्जीवनाचं मोठं काम हाती घेतलं. रिन्छेन झांगपो हे थोर भाषांतरकार त्याच काळातले. आता बघा, हा विहार नदीकाठच्या सपाट जमिनीवर आहे. कड्याचा आसरा नाही. राजाचा आधार होता, भीती नव्हती.

बाहेरून बघाल तर हिरमुसून जाल. मातीच्या रंगाचे, खिडक्या नसलेले चार-सहा ठोकळे, इतकंच. मुख्य मंदिरात शिरलात की काही दिसत नाही. लोक दोन मिनिटं थांबतात आणि बाहेर येतात. तसं करू नका. दहा मिनिटं गप्प उभे राहा. हळूहळू भिंतींवर, डोक्याच्या वरच्या उंचीला, मातीच्या मूर्ती दिसायला लागतात. बत्तीस आहेत, जणू भिंतीतून पुढे आलेल्या. मध्ये चार दिशांना बघणारा वैरोचन. थांगक्यावर कापडावर काढलेलं मंडल आपण पाहिलेलं असतं. इथे ते खोलीएवढं आहे आणि आपण त्याच्या आत उभे आहोत. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात एका बाजूला बुद्धचरित्र आणि दुसऱ्या बाजूला सुधनाची गोष्ट रंगवली आहे. हा सुधन ज्ञानाच्या शोधात एकेका गुरूकडे चालत जातो. प्रवाशांना जवळचा वाटावा असा नायक! रंगरेषेवर काश्मिरी कलेची छाप स्पष्ट आहे, आणि खुद्द काश्मीरमध्ये त्या काळचं भिंतीवरचं काम जवळजवळ काही उरलेलं नाही. आत फोटो काढायला बंदी आहे. माझ्या मते ते बरंच आहे.

छताकडे मात्र बघा. ते मातीचं आहे. स्पिती पर्जन्यछायेत. बर्फ पडलं की फावड्याने ढकलून द्यायचं, या हिशोबाने ही छतं बांधलेली. पाऊस मुक्काम ठोकून राहिला तर माती भिजते, पाणी झिरपतं आणि रंगांवरून ओघळ उतरतात. असे ओघळ तुम्हाला भिंतींवर दिसतील. १९७५ च्या जानेवारीतला किन्नौरचा मोठा भूकंप या मातीच्या भिंतींनी सोसला, पण पाण्यापुढे त्यांचा टिकाव लागणं अवघड.

गावाच्या वर, रस्त्यापलीकडच्या उतारावर गुहा आहेत. सावकाश चढा, पंधरा-वीस मिनिटं लागतील. ठेंगण्या, काही धुराने काळ्या पडलेल्या. कार्ले-भाजे बघितलेल्या माणसाला प्रथम वाटतं, ही कसली लेणी! पण फरक लक्षात घ्या. आपल्याकडे भिक्षू फिरते होते आणि पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचे, त्यासाठी कठीण बेसॉल्ट फोडला. ताबोत अडवणारा ऋतू पावसाळा नाही, हिवाळा. इथला डोंगर भुसभुशीत, तो खोदून भिक्षूंनी थंडीपासून आडोसा केला. गरज एकच, ऋतू उलटा आणि दगडही उलटा.

तिसरा दिवस धनकरचा. उंची सुमारे ३,९०० मीटर. स्पिती आणि पिन या नद्यांचा संगम जिथे होतो, त्याच्या वर मातीच्या सुळक्यांवर हा गोम्पा चिकटवल्यासारखा बसलाय. स्पितीची जुनी राजधानी ही. नावाचा अर्थच कड्यावरचा किल्ला. ताबोच्या सपाटीवरून इथे आलं की काळ बदलल्याचं जाणवतं. पुढच्या शतकांत लडाखी, मंगोल, डोगरा, कुलूचे असे कुणी ना कुणी चालून येत राहिले आणि स्पितीतली वस्ती कड्यांना धरून बसली. पण ज्या सुळक्याने संरक्षण दिलं, तोच आता झिजतोय. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धनकरला जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतलं होतं. जुन्या इमारतीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. तिथे रांगेवरून वाद घालू नका, खाली काय आहे ते एकदा वाकून बघा म्हणजे कारण कळेल.

धनकरच्या वर तळं आहे. तासाभराची चढण, आणि ही चढण म्हणजे तुमची परीक्षा. चालताना बोलता येतंय ना? वरून आल्यावर डोकं दुखत नाहीये ना? मग पुढच्या दिवशी की गोम्पा आणि किब्बर, दोन्ही ४,१०० मीटरच्या वर. की गोम्पाचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, त्याबद्दल फार बोलत नाही. किब्बरपुढे चिचमचा पूल लागतो. तो २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी चिचमचे लोक त्या खोल घळीवरून तारेला टांगलेल्या पाळण्यात बसून ये-जा करायचे.

आणि सगळ्यात शेवटी लांगझा, हिक्किम, कॉमिक. कॉमिकचा गोम्पा साक्य परंपरेचा, की आणि धनकर गेलुग. लांगझाच्या शेतांजवळ अमोनाइटचे जीवाश्म सापडतात, गोल गुंडाळलेल्या शिंपल्यासारखे. हा सगळा भाग कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राचा तळ होता. आपल्या देवघरात गंडकीतून आलेला जो शाळिग्राम असतो, तो याच समुद्रातल्या प्राण्यांचा ठसा. गावातली मुलं हे जीवाश्म विकायला आणतील. घेऊ नका. हातात घ्या, बघा, परत द्या.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली, की डायमॉक्स घेतली तर हा क्रम पाळायलाच हवा का? काका, पाळायलाच हवा. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, उंची कमी करत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती चालेलच असं नाही, तेव्हा निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

दुसरी चिठ्ठी आहे, त्रास झालाच तर काय? नुसतं डोकं दुखत असेल तर तिथेच थांबा, वर जाऊ नका. पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा सरळ रेषेत पावलं टाकताना झोकांड्या जात असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. कॉमिकला असाल तर काझाला उतरा, ऑक्सिजन मिळवा आणि तिथले डॉक्टर सांगतील तसं आणखी खाली. इथे एक गोष्ट घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. परतीचं तिकीट मनालीहून असतं, म्हणून लोक आजारी माणसाला मनालीकडे न्यायला निघतात. मनालीच्या रस्त्यावर आधी कुंझुम खिंड लागते, काझापेक्षा नऊशे मीटर वर. त्याला तिकडे न्यायचं नाही. गाडी ताबोच्या दिशेने, किन्नौरच्या रस्त्याला वळवायची.