सातारच्या गादीचा वेदोक्त वाद

लग्न, मुंज, श्राद्ध या विधींत भटजींनी वेदातले मंत्र म्हणायचे की पुराणातले, यावरून एकोणिसाव्या शतकात सातारचे छत्रपती प्रतापसिंह आणि सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन समोरासमोर उभे ठाकले होते. वाद मानापमानाचा होताच, पण त्याच्या तळाशी जन्म आणि कर्म यांची एक जुनी मांडणी होती. ती आधी समजून घ्यायला हवी.

माणूस मेला तरी त्याचं कर्म संपत नाही, इथून ती सुरू होते. जन्मोजन्मी साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला आलेलं ते प्रारब्ध आणि आता हातून घडतंय ते क्रियमाण. कोणत्या योनीत जन्म, किती आयुष्य आणि कसले भोग, हे या साठ्यावर ठरतं असं पतंजली सांगतो. छांदोग्य उपनिषद तर थेटच बोलतं : आचरण चांगलं असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्याचा जन्म, वाईट असेल तर कुत्र्याचा, डुकराचा नाही तर चांडाळाचा. गीतेत चातुर्वर्ण्य गुण आणि कर्म यांवरून ठरतं असं म्हटलंय. त्यामुळे वर्ण या जन्मीच्या लायकीवर ठरावा असं अनेकांना वाटतं. परंपरेने मात्र गुणही पूर्वकर्मानुसार जन्मासोबतच येतात असं धरलं. म्हणजे आज कितीही चांगलं वागलं तरी वर्ण बदलायचा तो पुढच्या जन्मी. या मांडणीतली सर्वांत कठोर गोष्ट मला हीच वाटते, कारण तिने दुःख भोगणाऱ्यालाच त्याच्या दुःखाचा धनी केलं.

जन्मावरून वर्ण ठरला की त्यावरून अधिकार ठरतो. पहिल्या तीन वर्णांची मुंज होते, म्हणून त्यांचे संस्कार वेदोक्त. शूद्राला मुंज नाही, म्हणून त्याचे विधी पुराणोक्त. त्याखालच्यांच्या दारी तर भटजी जातच नसत.

मग राजाचं काय? कर्मठ शास्त्री म्हणत की कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, आहेत ते ब्राह्मण आणि शूद्र. 'शूद्रकमलाकर' लिहिणाऱ्या कमलाकर भट्टांचा कल याच बाजूला होता. त्यांचेच पुतणे गागाभट्ट यांनी १६७४ साली रायगडावर वेगळी वाट काढली. संस्कार सुटले म्हणून क्षत्रियत्व जात नाही, असा माणूस 'व्रात्य' होतो आणि प्रायश्चित्ताने शुद्ध होतो. शिवाजी महाराजांचं प्रायश्चित्त झालं, मुंज झाली, आणि ६ जूनला राज्याभिषेक झाला.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंहांना सातारच्या गादीवर बसवलं, तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर आला. चिंतामणराव कर्मठ पक्षाचे मोठे आधार होते. कायस्थ प्रभूंच्या वेदोक्त संस्कारांनाही त्यांचा विरोध होता. १८३०च्या सुमारास साताऱ्यात शास्त्र्यांची वादसभा झाली. छत्रपतींची बाजू आबा पारसनिसांनी मांडली, आणि त्यांचा 'सिद्धान्तविजय' हा ग्रंथ त्याच वादातला. सिसोदिया वंशाशी भोसल्यांचं नातं, कलियुगातही क्षत्रिय असतात, व्रात्यत्व प्रायश्चित्ताने फिटतं, असे मुद्दे पुढे आले.

हे मुद्दे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. कर्मावर जन्म ठरतो आणि जन्मावर अधिकार, हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं. भांडण एवढंच होतं की अमुक घराणं कोणत्या खान्यात बसतं. म्हणूनच पुरावा लागे तो वंशावळीचा. प्रतापसिंहांचा दावा मान्य झाला तरी वेदमंत्र मिळणार होते ते भोसल्यांना आणि त्यांच्या बरोबरीच्या घराण्यांना. साताऱ्याच्या शिवारात राबणाऱ्या कुणब्याला त्यातून काही मिळणार नव्हतं. छत्रपतींची लढाई मला न्याय्य वाटते, पण तिची ही मर्यादा डोळ्यांआड करता येत नाही.

१८३९ साली इंग्रजांनी कटाचा आरोप ठेवून प्रतापसिंहांना पदच्युत केलं. १८४७ साली काशीला नजरकैदेतच त्यांचा मृत्यू झाला. वाद पुढे १८९९ नंतर कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वाट्याला आला.

मुळावरच घाव घातला तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीविना लग्नं लावायला सुरुवात केली. वेदोक्त की पुराणोक्त हा प्रश्नच त्या मांडवात उरला नाही, आणि कुणाला वंशावळही दाखवावी लागली नाही.