वीज किती वेळ गेली होती, हे सांगणारा कंडेन्सर

वसई भागात अर्नाळ्यातला मासळीचा फ्रीझर असो की वालीवच्या गाळ्यातलं एखादं यंत्र, वीज परत आली की पहिला प्रश्न हाच: किती वेळ गेली होती? दहा मिनिटं असतील तर काळजी नाही. चार तास असतील तर फ्रीझर उघडून माल तपासावा लागतो. बटन सेलवरचं घड्याळ हे सांगू शकतं, पण सेल कधीतरी संपतो आणि तो संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. सेलशिवाय हेच काम कपॅसिटर करतो, आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन ज्याला कंडेन्सर म्हणतात तो.

वीज असताना तो 5 व्होल्टपर्यंत भरून ठेवायचा. वीज गेली की मोठ्या रेझिस्टरमधून त्याला सावकाश रिकामा होऊ द्यायचं, आणि वीज आल्यावर किती व्होल्ट उरले ते मोजायचं. 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि 1 गिगाओहमचा रेझिस्टर घेतला, तर दोघांचा गुणाकार 10,000 सेकंद होतो. दोन तासांनी 5 व्होल्टपैकी सुमारे 2.43 उरतात. आकडेमोड करून तेवढा वेळ मायक्रोकंट्रोलर सांगतो.

मेख अशी की रेझिस्टरमधून सुरुवातीला जाणारा प्रवाह जेमतेम 5 नॅनोअँपिअर असतो. कंडेन्सर आतल्या आत त्याहून जास्त गळत असेल, तर हिशेब चुकलाच. साध्या इलेक्ट्रोलिटिकच्या डेटाशीटवर गळतीची मर्यादा बहुधा अशी दिलेली असते: मायक्रोफॅरड गुणिले व्होल्टचा शंभरावा भाग किंवा 3 मायक्रोअँपिअर, यांत जे जास्त असेल ते. म्हणजे आपल्या प्रवाहाच्या 600 पट. प्रत्यक्षात कमी व्होल्टेजला गळती बरीच कमी होते, पण किती कमी, याची हमी कुणी देत नाही. शिवाय बरेच दिवस पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि तो सुरुवातीला जास्तच गळतो. या कामासाठी तो बाद. एक्स7आर जातीच्या सिरॅमिकला अनेक डेटाशीटांत 500 ओहम-फॅरडची हमी असते. 10 मायक्रोफॅरडला ती 50 मेगाओहम भरते, आपल्या रेझिस्टरच्या विसाव्या भागाइतकी. तोही नको.

हा ओहम-फॅरडचा आकडाच पाहून निवड करावी. ओहम गुणिले फॅरड म्हणजे सेकंद. प्लेटा दुप्पट केल्या तर साठा दुप्पट होतो, पण गळतीही दुप्पट होते आणि सेकंद तेवढेच राहतात. त्यामुळे नुसता मोठा कंडेन्सर घेऊन स्वतःची गळती मागे पडत नाही. मधला पदार्थ बदलावा लागतो.

तो पदार्थ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. मोठ्या मूल्यांना 30,000 सेकंदांची हमी सहज मिळते आणि चांगला नग त्याच्या कितीतरी पुढे जातो. नुसत्या हमीवर विसंबलं, तर दोन तासांचे 2 तास 40 मिनिटं दिसू शकतात. म्हणून आपला नग मोजून घ्यावा. भरून, रेझिस्टर न लावता रात्रभर सुटा ठेवावा आणि सकाळी मीटर टेकवावा. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध 10 मेगाओहम असतो, म्हणजे मीटरच त्याला रिकामा करू लागतो. पहिल्या सेकंदातला आकडा धरावा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कंडेन्सर मिळतात, पण वाडीतल्या विहिरीच्या पंपाचा 10 मायक्रोफॅरडचा, 440 व्होल्टचा रन कंडेन्सरही आजकाल पॉलिप्रॉपिलिनचाच असतो आणि तो वसईतच मिळतो. नवा घ्यावा. त्याच्या टोकांवर डिस्चार्जचा रेझिस्टर जोडलेला नाही ना, हे बघावं, नाहीतर तोच सगळं रिकामं करेल. स्टार्ट कंडेन्सर मात्र बहुधा इलेक्ट्रोलिटिक असतो, तो घेऊ नये.

एवढं करूनही अर्धी लढाई उरते. वीज गेल्यावर मायक्रोकंट्रोलरची पिन कंडेन्सरला तशीच जोडलेली राहिली, तर आतल्या संरक्षक डायोडमधून साठा काही क्षणांत चिपमध्ये निघून जातो. मध्ये रीड रिले हवा: वीज असेतो जोडलेला, वीज जाताच उघडा. वीज आल्यावर चिपने आधी रिले लावून काही मिलिसेकंदांत मोजावं आणि मगच पुन्हा भरायला घ्यावं.

आणि वसईची हवा. समुद्र आणि खाडी जवळ, त्यात पावसाळा. बोर्डावर मिठाचा आणि ओलाव्याचा थर बसतो, आणि फ्लक्सचा डाग किंवा बोटाचा ठसा असेल तर त्या थराचा रोध गिगाओहमच्या खूप खाली जाऊ शकतो. यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे कंडेन्सर, रेझिस्टर आणि रिले यांचा सांधा बोर्डाला न टेकवता हवेत, टेफ्लॉनच्या खुंटीवर घेणं. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून, पूर्ण वाळवून लॅकर मारावं. वाळवण्याआधी मारलं तर ओल आतच अडकते.

शेवटी यंत्र अर्धा तास, दोन तास आणि चार तास मुद्दाम बंद ठेवून उरलेले व्होल्ट लिहून घ्यावेत, एकदा जुलैत आणि एकदा जानेवारीत. जुलैचे आकडे लक्षणीय कमी आले, तर कंडेन्सर बदलण्याआधी तो सांधा पुन्हा पुसून बघावा.